अट एक, तक्ते अनेक : न्हावा शेवाच्या कंटेनरचा हिशेब

न्हावा शेवा बंदराच्या फाटकातून एक ट्रेलर बाहेर पडतो. त्याच्या पाठीवर चाळीस फुटी कंटेनर असतो, चालकाच्या हाती कागदांची चवड असते आणि मशीद बंदरच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या कचेरीत बसलेल्या आयातदाराच्या मनात एकच प्रश्न असतो : या पेटीवर विलंबापोटी एकूण किती पैसे पडले? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र कोणत्याही एका वहीत सापडत नाही. जहाज कधी लागले याची नोंद एकीकडे, सीमाशुल्क खात्याकडे ‘बिल ऑफ एन्ट्री’ कधी दाखल झाले याची दुसरीकडे, पेटी कधी उतरली आणि कधी गेली याची तिसरीकडे, तर कोणत्या दिवसाला कोणता दर लागू होता याची चौथीकडे. ‘अमुक दिवसांपेक्षा अधिक उशीर झाला असेल तर अमुक दराने आकार’ ही एकच अट या चारही ठिकाणी विखुरलेली असते.

पूर्वी हा हिशेब मुरलेला कारकून करीत असे. चार वह्या पुढ्यात उघडून तो बोटाने ओळी जुळवी आणि एखादी गोष्ट विचित्र दिसली की थांबे. आता हे काम पॉवर बीआय, एक्सेलमधील पॉवर पिव्हट, टॅब्लो यांसारखी विश्लेषणाची सॉफ्टवेअर करतात. सूत्र एकदाच लिहिले जाते आणि ते लाखो ओळींवर चालते. सूत्रात चूक असेल तर तीही तितक्याच ओळींवर चालते, आणि सॉफ्टवेअर कारकुनासारखे थांबत नाही. सूत्र व्याकरणदृष्ट्या बिनचूक असले की ते एक नीटनेटका आकडा पडद्यावर आणून ठेवते. तो आकडा खरा की खोटा, हे ठरविण्याची जबाबदारी सूत्र लिहिणाऱ्याचीच असते.

बंदर आणि त्याच्या वह्या

उरण परिसरातील न्हावा आणि शेवा या गावांची नावे धारण करणारे हे बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष असल्याने बंदराला त्यांचे नाव मिळाले. दीर्घकाळ ‘जेएनपीटी’ या नावाने ओळखला गेलेला येथील न्यास महापत्तन प्राधिकरण कायदा, २०२१ नुसार आता जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण झाला आहे. बंदर एक असले तरी कंटेनरची चढउतार करणारी टर्मिनल पाच आहेत आणि ती वेगवेगळ्या कंपन्या चालवितात. २०२३-२४ या आर्थिक वर्षात या बंदराने ६४ लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी पेटीच्या मापाने मोजलेले कंटेनर, हाताळले.

प्रत्येक पेटीमागे नोंदींची रांग असते. जहाज कंपनीची मालयादी, सीमाशुल्काची नोंद, टर्मिनलच्या क्रेनची नोंद, फाटकाची नोंद, बंदराबाहेरील कंटेनर फ्रेट स्टेशनची नोंद आणि शेवटी रिकामी पेटी परत आल्याची नोंद. २०१६ पासून ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ या प्रकल्पाखाली येथील कंटेनरवर रेडिओ लहरींनी वाचता येणारी चकती लावण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे पेटी कोणत्या ठिकाणाहून कधी गेली याची आणखी एक नोंदमालिका तयार होऊ लागली.

या नोंदींवर बंदर किती विसंबून आहे याचा प्रत्यय २७ जून २०१७ रोजी आला. ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संगणकीय हल्ल्यात माएर्स्क या जहाज समूहाची जगभरातील यंत्रणा कोलमडली आणि त्याच समूहाशी संबंधित असलेले न्हावा शेवा येथील टर्मिनल ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, धक्का शाबूत होता; परंतु कोणती पेटी कोणाची आणि ती कोठे ठेवली आहे हे सांगणारे तक्ते हाताशी नव्हते.

तक्ते वेगळे का ठेवतात?

सारी माहिती एकाच लांबरुंद तक्त्यात का भरू नये, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये दिले. आयबीएममध्ये काम करणाऱ्या कॉड यांनी माहितीची मांडणी परस्परांशी नाते असलेल्या तक्त्यांत करावी, असा सिद्धान्त मांडला. जहाजाच्या आगमनाची तारीख ही जहाजाच्या फेरीची गोष्ट आहे. त्या फेरीत दोन हजार पेट्या आल्या म्हणून ती तारीख दोन हजार वेळा लिहिणे म्हणजे दोन हजार ठिकाणी चुकण्याची सोय करणे होय. ती एकदाच, फेरीच्या तक्त्यात लिहावी आणि इतरांनी फेरीच्या क्रमांकाने ती विचारून घ्यावी.

न्हावा शेवाच्या हिशेबासाठी किमान पाच तक्ते लागतात. पहिला जहाजांच्या फेऱ्यांचा, दुसरा बिल ऑफ एन्ट्रीचा, तिसरा कंटेनरचा, चौथा कंटेनरच्या हालचालींचा आणि पाचवा दरांचा. एका फेरीत अनेक बिले, एका बिलावर अनेक कंटेनर, एका कंटेनरच्या अनेक हालचाली, अशी ही उतरंड आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत यास ‘एकास अनेक’ नाते म्हणतात. यापुढील सारी गुंतागुंत या तीन शब्दांतून उद्भवते.

पेटीचा क्रमांक पुरेसा नाही

तक्ते जोडण्यासाठी दोन्हीकडे समान असणारा ओळखक्रमांक लागतो. कंटेनरच्या बाबतीत तो तयारच असतो, असे वाटते. आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्येक पेटीवर चार अक्षरे आणि सात अंक असतात. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे पेटीच्या प्रकाराचे, पुढील सहा अंक अनुक्रमांकाचे आणि शेवटचा अंक पडताळणीचा. आधीच्या दहा खुणांना ठराविक किमती देऊन, त्यांना अनुक्रमे १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढत जाणाऱ्या संख्यांनी गुणून, बेरजेला ११ ने भागले असता उरणारी बाकी म्हणजे हा पडताळणीचा अंक. बाकी १० उरल्यास तो शून्य धरतात. टंकलेखनात एखादा अंक चुकला तर तो येथे पकडला जातो.

पडताळणीचा अंक क्रमांक बरोबर लिहिला आहे की नाही एवढेच सांगतो. पेटी कितव्या खेपेला आली आहे, हे त्यातून कळत नाही. तीच पेटी जानेवारीत कोलंबोहून येते, मार्चमध्ये माल भरून परदेशी जाते आणि ऑगस्टमध्ये पुन्हा न्हावा शेवाला लागते. केवळ पेटीच्या क्रमांकावर तक्ते जोडले तर ऑगस्टच्या आगमनाला जानेवारीचे निर्गमनही जुळते आणि मुक्काम उणे सात महिन्यांचा निघतो. सुदैवाने असा आकडा डोळ्यांत भरतो. जानेवारीचे आगमन आणि ऑगस्टचे निर्गमन जुळले तर मात्र सात महिन्यांचा भलामोठा मुक्काम दिसतो आणि त्यावर आकारही लागतो.

यावर उपाय म्हणजे पेटीचा क्रमांक आणि फेरीचा क्रमांक मिळून एक जोड-ओळख तयार करणे. ज्याचा हिशेब मांडायचा आहे ती वस्तू पेटी नसून पेटीची एक खेप आहे, हे उमगले की कंटेनरचा तक्ता हा वस्तुतः खेपांचा तक्ता असल्याचे ध्यानात येते.

अट कोठे उभे राहून विचारावी?

आता प्रत्यक्ष अटीकडे वळू. आयात मालाचे बिल ऑफ एन्ट्री केव्हा दाखल करावे, हे सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ४६ मध्ये सांगितले आहे. २०२१ मधील दुरुस्तीनंतर ते सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल व्हावे लागते. श्रीलंका, बांगलादेश यांसारख्या जवळच्या देशांतून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला आगमनाच्या दिवसाअखेरपर्यंत सवलत आहे. उशिराला समाधानकारक कारण नसेल तर पहिल्या तीन दिवसांसाठी रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये आकार पडतो.

ही अट सूत्रात उतरविताना तीन गोष्टी तीन ठिकाणांहून आणाव्या लागतात. बिल दाखल झाल्याची तारीख बिलाच्या तक्त्यात आहे. आगमनाची तारीख फेरीच्या तक्त्यात आहे. माल कोणत्या देशातून निघाला हे जहाज कंपनीच्या मालयादीत आहे. बिलाच्या ओळीवर उभे राहून फेरीकडे पाहिले तर उत्तर एकच मिळते, कारण एका बिलाची फेरी एकच असते. पॉवर बीआयच्या ‘डॅक्स’ या सूत्रभाषेत यासाठी ‘रिलेटेड’ हे फल आहे. ‘अनेक’ बाजूच्या ओळीवरून ‘एक’ बाजूची माहिती ते विनासायास आणून देते. मग ‘जर’चे सूत्र लिहिणे सोपे होते : विलंबाचे दिवस शून्य किंवा कमी असतील तर शून्य, तीनपर्यंत असतील तर दिवस गुणिले ५,०००, अन्यथा १५,००० अधिक उरलेले दिवस गुणिले १०,०००.

समजा, एका बिलाला पाच दिवस उशीर झाला. पहिल्या तीन दिवसांचे १५,००० आणि पुढील दोन दिवसांचे २०,००० असे ३५,००० रुपये झाले. त्या बिलावर चार कंटेनर आहेत. विश्लेषकाने सोयीसाठी हेच सूत्र कंटेनरच्या तक्त्यात लिहिले, तर चारही ओळींवर ३५,००० उमटतात. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासली असता बरोबरच दिसते. बेरीज मात्र १,४०,००० होते. आकार बिलावर आहे, पेटीवर नाही; आणि सूत्र पेटीच्या ओळीवर उभे आहे. ‘जर’च्या अटीत चूक नसून अट विचारण्याच्या जागेत चूक आहे.

याचा नियम असा सांगता येईल : आकार ज्या गोष्टीवर बसतो, त्या गोष्टीच्या तक्त्यातच त्याचे सूत्र लिहावे. पेटीनिहाय वाटणी हवी असेल तर बिलावरील पेट्यांच्या संख्येने भागून ती करावी आणि बेरीज मूळ रकमेशी जुळते का ते पाहावे.

उलट दिशेने, म्हणजे ‘एक’ बाजूवरून ‘अनेक’ बाजूकडे पाहताना ‘रिलेटेड’ चालत नाही. बिलाच्या ओळीवर उभे राहून ‘कंटेनर कधी गेला?’ असे विचारले तर सॉफ्टवेअर प्रतिप्रश्न करते, ‘चारपैकी कोणता?’ तेथे पहिला गेलेला, शेवटचा गेलेला, की सर्वांची सरासरी, हे माणसानेच ठरवायचे असते. हा निर्णय तांत्रिक नसून व्यवहाराचा आहे. संपूर्ण माल हाती आल्याशिवाय कारखाना सुरू होत नसेल तर शेवटच्या पेटीची तारीख महत्त्वाची. पहिल्या पेटीतील मालावर काम भागत असेल तर पहिलीची.

आणखी एक पेच सुट्या मालाचा. एका कंटेनरमध्ये अनेक छोट्या आयातदारांचा माल एकत्र येतो, तेव्हा एका पेटीवर अनेक बिले असतात. म्हणजे ‘अनेकास अनेक’ नाते. येथे दोहोंच्या मधोमध एक दुवा-तक्ता लागतो, ज्यात प्रत्येक ओळ म्हणजे ‘या पेटीत या बिलाचा माल आहे’ एवढेच विधान. हा दुवा न ठेवता थेट जोड दिली तर कोणाच्या माथी कोणाचा मुक्काम लागेल, याचा नेम नाही.

बेरजेच्या ओळीचा चकवा

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अट दोन प्रकारे तपासली जाते. एक, तक्त्याच्या प्रत्येक ओळीवर. यास ओळीचा संदर्भ म्हणावे. दुसरी, पडद्यावर त्या क्षणी निवडलेल्या साऱ्या ओळींच्या संचावर. यास गाळणीचा संदर्भ म्हणावे. अहवालात ‘जुलै महिना’ आणि ‘अमुक टर्मिनल’ असे निवडले की त्या गाळणीतून उरलेल्या ओळींवर सूत्र चालते. वापरणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच उडतो.

न्हावा शेवा येथे ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’ ही पद्धत आहे. तीत आयातदार फ्रेट स्टेशनचा फेरा टाळून टर्मिनलवरूनच पेटी नेतो; त्यासाठी ४८ तासांची मुदत ठेवण्यात आली होती. मुदत टळली की पेटी फ्रेट स्टेशनकडे रवाना होते. आता समजा, तीन पेट्यांचा मुक्काम अनुक्रमे २०, ३० आणि १०० तासांचा झाला. ‘जर मुक्काम ४८ तासांहून अधिक असेल तर जादा तास दाखवा, नसेल तर शून्य’ असे सूत्र लिहिले. तीन ओळींवर शून्य, शून्य आणि ५२ असे उत्तर आले. बेरजेच्या ओळीत ५२ अपेक्षित आहे. तेथे दिसतात १०२!

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. बेरजेच्या ओळीत वरच्या उत्तरांची बेरीज होत नसून सूत्र पुन्हा एकदा, साऱ्या संचावर चालते. तेथे मुक्काम म्हणजे तिघांची बेरीज, १५० तास. त्यातून ४८ वजा केले की १०२. सूत्रात मुक्कामाची सरासरी घेतली असती तर ५० वजा ४८, म्हणजे २ आले असते. एकाच अटीची ५२, १०२ आणि २ अशी तीन उत्तरे. आणि तिन्ही आपापल्या प्रश्नाची बरोबर उत्तरे. हवा असलेला प्रश्न मात्र पहिलाच आहे. म्हणून सूत्राला स्पष्ट सांगावे लागते की आधी प्रत्येक खेपेच्या ओळीवर अट तपास आणि मग येणाऱ्या उत्तरांची बेरीज कर. डॅक्समध्ये ‘समएक्स’ हे फल नेमके हेच करते.

गाळणीलाही दिशा असते. फेरी निवडली की तिची बिले आणि त्या बिलांचे कंटेनर आपोआप गाळले जातात; पाणी उताराकडे जावे तसे ते ‘एक’कडून ‘अनेक’कडे वाहते. उलट, ‘फक्त शीतपेट्या’ असे निवडले तर कंटेनरची संख्या कमी होते, परंतु फेऱ्यांची संख्या जशीच्या तशी राहते. शीतपेट्या आणणाऱ्या फेऱ्या किती, हे हवे असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.

टाळेबंदीचे चोवीस दिवस

अटींचा खरा कस २०२० मध्ये लागला. कोरोनाच्या टाळेबंदीत माल उचलणे अशक्य झाले, तेव्हा नौवहन महासंचालनालयाने जहाज कंपन्यांना २२ मार्च ते १४ एप्रिल २०२० या काळासाठी कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, म्हणजे ‘डिटेन्शन’, न लावण्याविषयी कळविले. पुढे टाळेबंदीबरोबर ही मुदतही वाढली. येथे समजुतीसाठी मूळ २४ दिवसांचाच विचार करू.

प्रत्येक हिशेबनिसापुढे प्रश्न उभा राहिला : ही सवलत सूत्रात कशी घालायची? सुचणारी पहिली अट अशी : ‘जर पेटी २२ मार्च ते १४ एप्रिलदरम्यान उतरली असेल तर आकार शून्य, अन्यथा नेहमीप्रमाणे.’ एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेटी १५ मार्चला उतरली आणि रिकामी होऊन २० एप्रिलला परत आली. दोन्ही दिवस धरून ३७ दिवस झाले. पहिले पाच दिवस मोफत, पुढील सात दिवस रोज १,००० रुपये आणि त्यानंतर रोज २,००० रुपये असा दर मानू. वरील अटीनुसार पेटी सवलतीच्या आधी उतरली असल्याने तिला सवलत नाहीच. ३२ दिवसांचा आकार होतो ७,००० अधिक ५०,०००, म्हणजे ५७,००० रुपये. याउलट १३ एप्रिलला उतरून ३० एप्रिलला परतलेली पेटी पूर्ण माफ! सवलतीच्या हेतूशी या दोन्ही उत्तरांचा काही संबंध नाही.

सवलत पेटीला नव्हती, दिवसांना होती. त्यामुळे दोन कालखंड एकमेकांवर किती दिवस पडतात, हे मोजावयास हवे. त्याची रीत सोपी आहे. दोन आरंभांपैकी नंतरचा घ्यावा, दोन अखेरींपैकी आधीची घ्यावी, वजाबाकी करून एक मिळवावा. उत्तर ऋण आले तर शून्य मानावे. वरील पेटीचे मोफत दिवस १९ मार्चला संपले. आकार सुरू झाला २० मार्चला आणि थांबला २० एप्रिलला. सवलतीशी याचा छेद २२ मार्च ते १४ एप्रिल, पूर्ण २४ दिवसांचा. ३२ मधून २४ गेले, उरले आठ दिवस : २० व २१ मार्च आणि १५ ते २० एप्रिल.

तरीही काम संपत नाही. या आठ दिवसांना दर कोणता? सवलतीत घड्याळ थांबले होते असे मानले तर सात दिवस १,००० ने आणि एक दिवस २,००० ने, एकूण ९,००० रुपये. घड्याळ चालूच होते, फक्त त्या दिवसांचे पैसे घेतले नाहीत असे मानले, तर १५ एप्रिल हा सत्ताविसावा दिवस ठरतो. मग मार्चचे दोन दिवस १,००० ने आणि एप्रिलचे सहाही दिवस २,००० ने, एकूण १४,००० रुपये.

५७,०००, १४,००० आणि ९,०००. पेटी एक, तारखा त्याच, दर तेच. पहिला आकडा सरळ चूक आहे. उरलेल्या दोहोंत मात्र फरक गणिताचा नसून अर्थाचा आहे, आणि तो सॉफ्टवेअरला सोडविता येत नाही. घड्याळ थांबते की नाही, हे करारपत्रात किंवा परिपत्रकात शोधावे लागते; तेथे सापडत नसेल तर दोन्ही पक्षांनी ठरवून लिहून ठेवावे लागते. विश्लेषकाने गुपचूप एक अर्थ निवडला तर त्याचा निर्णय शेकडो बिलांवर लागू होतो आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सवलतीच्या तारखा सूत्राच्या पोटात लिहू नयेत, हा धडाही यातूनच मिळतो. मुदत वाढली की प्रत्येक सूत्र उघडून बदलावे लागते आणि एखादे हमखास राहून जाते. त्याऐवजी सवलतींचा एक छोटा तक्ता करावा : आरंभ, अखेर, कोणत्या आकारासाठी. दरांचेही तसेच. दर बदलतात, म्हणून दराच्या तक्त्यात ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ हे रकाने हवेत आणि सूत्राने ‘आजचा दर’ न विचारता ‘त्या दिवशीचा दर’ विचारावा. नाहीतर गेल्या वर्षीच्या बिलावर या वर्षीचा दर बसतो.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

जी पेटी अजून बंदरातच आहे तिच्या निर्गमनाचा रकाना रिकामा असतो. ‘जर मुक्काम सात दिवसांहून अधिक असेल तर आकार, अन्यथा शून्य’ हे सूत्र अशा ओळीवर काय करते? एसक्यूएल या भाषेत रिकाम्या किमतीशी केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते; ती ‘अज्ञात’ असते. अज्ञात म्हणजे खरे नव्हे, म्हणून सूत्र ‘अन्यथा’च्या वाटेने जाते. उत्तर शून्य. डॅक्समध्ये वजाबाकी करताना रिकामा रकाना शून्य समजला जातो, आणि तारखांच्या मोजणीत शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. त्यातून आगमनाची तारीख वजा केली की हजारो दिवसांचा ऋण मुक्काम येतो. तो सातहून कमीच. उत्तर पुन्हा शून्य!

याचा परिणाम गंभीर आहे. जी पेटी सर्वांत जास्त रखडली आहे, नेमकी तीच अहवालात बिनविलंब दिसते. दहा पेट्यांपैकी नऊ दोन-दोन दिवसांत गेल्या आणि दहावी तीस दिवसांपासून पडून असेल, तर गेलेल्यांची सरासरी दोन दिवस भरते. पडून असलेलीसह ती ४.८ दिवस होते. पहिला आकडा दाखविला तर सारे आलबेल वाटते आणि दहाव्या पेटीच्या मालकाचे पैसे रोज वाढत राहतात. म्हणून सूत्रातील पहिलीच अट रिकाम्या रकान्याची हवी : निर्गमन नसेल तर अहवालाच्या दिवसापर्यंत मोजा आणि त्या ओळीवर ‘अद्याप आत’ अशी खूण करा.

असेच जोड न सापडलेल्या ओळींचे. ज्या पेटीचे बिल अद्याप दाखल झालेले नाही तिला बिलाच्या तक्त्यात जोडीदार नाही. दोन्हीकडे सापडणाऱ्याच ओळी ठेवणारी जोडणी केली तर ती पेटी अहवालातून नाहीशी होते. विलंब आकाराच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्यात असलेली पेटी हीच असते.

पडताळणी कशी करावी?

बँकेतील रोखपाल दिवसाअखेर शिल्लक जुळवितो, तशी सवय येथेही हवी. तक्ते जोडण्यापूर्वी ओळी किती होत्या आणि जोडल्यावर किती झाल्या, हे प्रथम पाहावे. वाढल्या असतील तर कोठेतरी ‘एक’ समजलेली बाजू ‘अनेक’ निघाली आहे; घटल्या असतील तर जोडीदार नसलेल्या ओळी गळाल्या आहेत. त्यानंतर आकाराची बेरीज मूळ तक्त्यातील बेरजेशी ताडावी.

मग पाच-सहा पेट्या निवडून त्यांचा हिशेब कागदावर, हाताने करावा. निवड करताना सरळ पेट्या घेण्यात अर्थ नाही. मुदतीच्या नेमक्या दिवशी गेलेली, सवलतीच्या आरंभाच्या आदल्या दिवशी उतरलेली, वर्षात दोनदा आलेली, चार पेट्यांच्या बिलावरची, अनेक बिलांचा माल असलेली आणि अजून आतच असलेली, अशा कडेच्या पेट्या घ्याव्यात. सूत्र मोडते ते कडांवरच. कागदावरचे आणि पडद्यावरचे उत्तर जुळेपर्यंत तो अहवाल कोणाच्याही हाती देऊ नये.

मोठ्या उद्योगाकडे हे सारे पाहणारा विभाग असतो. वर्षाकाठी दोन-चार पेट्या मागविणाऱ्या व्यापाऱ्याकडे नसतो. त्याच्या हाती येते ते एक देयक आणि तळाशी एक बेरीज. त्या बेरजेविषयी त्याने तीन प्रश्न जरूर विचारावेत. दिवस कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोजले? आकार बिलावर आहे की पेटीवर? आणि सवलतीचे दिवस वगळून दराचा टप्पा पुन्हा मोजला का? ज्याने सूत्र नीट लिहिले आहे त्याला ही तीन उत्तरे पाच मिनिटांत देता येतात.